बोरघाटाच्या पायथ्याशी पुरवठा-साखळीचे उच्च शिक्षण : अंशकालीन पदवीची निवड

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. किनाऱ्यावरील बंदरे आणि घाटमाथ्यावरील बाजारपेठा यांना जोडणारी वाट शतकानुशतके याच मुलखातून गेली आहे. मालाची ने-आण हा येथील भूगोलाचाच एक भाग होय. आज या ने-आणीला एका स्वतंत्र शास्त्राचे रूप आले असून 'पुरवठा-साखळी व्यवस्थापन' या नावाने ते विद्यापीठांतून शिकविले जाते. नोकरी सांभाळून या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यावी, असा विचार करणाऱ्या तरुणांची संख्या कारखान्यांच्या आणि गुदामांच्या या पट्ट्यात वाढणे स्वाभाविक आहे. असा तरुण सल्ल्यासाठी प्रथम जातो तो आपल्या जुन्या शिक्षकाकडे, परिचयातील अधिकाऱ्याकडे किंवा गावच्या पंचायत सदस्याकडे. त्यांना योग्य सल्ला देता यावा, या दृष्टीने या विषयाचा परामर्श येथे घेतला आहे.

वाटेचा इतिहास

पूर्वी दख्खनचा माल बैलांच्या पाठीवर लादून बोरघाट उतरत असे आणि पनवेलच्या बंदरातून गलबतांनी मुंबईस जात असे. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि लमाणी तांड्यांची जागा बैलगाड्यांनी घेतली. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८५८ मध्ये पुणे–खंडाळा हा टप्पाही पूर्ण झाला. परंतु मधला घाट शिल्लक होता. त्यामुळे काही वर्षे प्रवासी आणि माल खोपोलीस उतरवून घाटवाटेने खंडाळ्यास चढवावे लागत. दोन्ही बाजूंना वेगवान गाडी आणि मध्ये मंद चढण, अशी ही स्थिती होती. साखळीचा वेग तिच्या सर्वांत दुबळ्या कडीवर ठरतो, हे आजच्या पाठ्यपुस्तकातील तत्त्व त्या काळी खोपोलीच्या फलाटावर प्रत्यक्ष दिसत होते. हजारो मजुरांच्या श्रमांतून आणि अनेकांच्या बलिदानातून १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला, तेव्हा ती कडी जोडली गेली.

पुढे १९१५ मध्ये खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. स्वातंत्र्योत्तर काळात रसायनी येथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग उभा राहिला. पाताळगंगा परिसरात औद्योगिक वसाहत विकसित झाली, तर खोपोलीत पोलाद, कागद आणि रसायनांचे कारखाने आले. १९८९ मध्ये उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्णतः खुला झाला आणि खालापूर तालुका देशातील एका प्रमुख मालवाहतूक मार्गावर आला.

गुदामे का वाढली?

गुदामांच्या वाढीचे कारण केवळ रस्त्यांत नाही, करपद्धतीतही आहे. १ जुलै २०१७ पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या विक्रीवर केंद्रीय विक्रीकर द्यावा लागत असे. तो टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान लहान गुदामे ठेवीत. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हे कारण उरले नाही. राज्याच्या सीमेपेक्षा बंदर, महामार्ग आणि मोठी शहरे यांच्यापासूनचे अंतर महत्त्वाचे ठरले आणि थोडी परंतु मोठी गुदामे ठेवणे किफायतशीर झाले. भिवंडीपासून पनवेल आणि खालापूरपर्यंतच्या पट्ट्याला त्यामुळे महत्त्व आले. त्याच वर्षी केंद्र शासनाने या व्यवसायाला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले.

या घडामोडींतून या भागातील गावांपुढे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. जमीन येथील, रस्ता येथून जाणारा, परंतु त्यावर चालणाऱ्या व्यवसायात येथील तरुणाचे स्थान कोणते? माल चढविणे-उतरविणे, पहारा आणि वाहन चालविणे ही कामे प्रतिष्ठेचीच आहेत. तथापि, कोणता माल किती मागवावा, कोठे साठवावा, कोणत्या मार्गाने पाठवावा, हे ठरविणाऱ्या खुर्च्याही येथील मुलामुलींच्या आवाक्यात यावयास हव्यात. त्यासाठी अनुभवाच्या जोडीला शास्त्रीय शिक्षण लागते. घरची परिस्थिती नोकरी सोडू देत नाही, अशांसाठी अंशकालीन अभ्यासक्रम हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

या शास्त्रात असते काय?

'पुरवठा-साखळी व्यवस्थापन' हा शब्दप्रयोग १९८२ च्या सुमारास किथ ऑलिव्हर या व्यवस्थापन सल्लागाराने प्रचारात आणला. त्यापूर्वी खरेदी, भांडार, उत्पादन, वाहतूक आणि वितरण ही खाती वेगवेगळी मानली जात. प्रत्येक खाते आपला खर्च वाचवू पाहते आणि त्यातून एकूण खर्च वाढतो, हे ध्यानात आल्यावर कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतचा सर्व प्रवाह एकत्र पाहण्याची दृष्टी पुढे आली. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघाले. तेव्हापासून जहाज, रेल्वे आणि मालमोटार यांवरून एकच पेटी न उघडता नेण्याची पद्धत रूढ होत गेली. या पेटीने बंदर आणि अंतर्भाग यांना एका सूत्रात बांधले.

या विषयाचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कारखान्यास वर्षाला २,४०० पिंपे रसायन लागते. प्रत्येक वेळी माल मागविण्याचा खर्च, म्हणजे कागदपत्रे, तपासणी, मालमोटारीचे भाडे इत्यादी, १,२०० रुपये येतो. एक पिंप वर्षभर साठवून ठेवण्याचा खर्च, म्हणजे गुंतलेल्या रकमेवरील व्याज, जागा आणि विमा, ६४ रुपये आहे. एका वेळी किती पिंपे मागवावीत?

एकदम १,२०० पिंपे मागविल्यास वर्षातून दोनच खेपा होतात आणि मागणीचा खर्च २,४०० रुपये येतो. मात्र गुदामात सरासरी ६०० पिंपे पडून राहतात आणि साठ्याचा खर्च ३८,४०० रुपये होतो. एकूण खर्च ४०,८०० रुपये. दरमहा २०० पिंपे मागविल्यास बारा खेपांचे १४,४०० आणि साठ्याचे ६,४०० मिळून २०,८०० रुपये लागतात. दर खेपेस ३०० पिंपे मागविल्यास आठ खेपांचे ९,६०० आणि साठ्याचेही ९,६००, असे एकूण १९,२०० रुपये होतात. हाच सर्वांत कमी खर्च होय. वार्षिक गरजेची दुप्पट करून तिला एका खेपेच्या खर्चाने गुणावे, साठ्याच्या खर्चाने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे, म्हणजे ३०० हे उत्तर मिळते. हे सूत्र फोर्ड हॅरिस याने १९१३ मध्ये मांडले.

परंतु शास्त्र येथेच थांबत नाही. कारखान्यात रोज आठ पिंपे लागतात आणि माल येण्यास चार दिवस लागतात, असे धरल्यास ३२ पिंपे शिल्लक असताना नवी मागणी नोंदविली पाहिजे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून वाहतूक खोळंबली आणि माल येण्यास आठ दिवस लागू लागले, तर हाच आकडा ६४ होतो. जून ते सप्टेंबर या काळात किती जादा साठा ठेवावा, हे पुस्तकातील सूत्र सांगते. परंतु घाट केव्हा अडतो हे खालापूरच्या माणसास ठाऊक असते. स्थानिक अनुभव आणि गणिती पद्धत यांची अशी सांगड घालणे, हेच या शिक्षणाचे खरे प्रयोजन होय.

केवळ कारखान्यापुरते नव्हे

या शास्त्राचा संबंध केवळ नफ्याशी आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. शिधावाटप दुकानातील धान्य, शालेय पोषण आहाराचा तांदूळ, आरोग्य केंद्रातील लसी या सर्वांना पुरवठ्याची साखळी असते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवाव्या लागतात आणि एका टप्प्यावर शीतपेटी निकामी झाली तरी आधीचे सर्व श्रम वाया जातात. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाताच्या वाणांचे बियाणे पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडले तरच उपयोगी ठरते. रोहिण्यांनंतर पोहोचलेले बियाणे कितीही उत्तम असले तरी त्या हंगामापुरते व्यर्थ असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. पायथ्यापासून वाडीपर्यंत मोटार जाईल असा रस्ता नव्हता. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत; मुसळधार पावसात बचाव पथकांना साहित्य खांद्यावरून न्यावे लागले आणि चिखल हातांनी उपसावा लागला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. अशा प्रसंगी कोणते साहित्य कोठे साठविलेले असावे, शेवटच्या दोन किलोमीटरसाठी कोणते साधन वापरावे, वाट आधीच कशी आखून ठेवावी, हे प्रश्न पुरवठा-साखळीचेच असतात. म्हणून तहसील कार्यालयातील कर्मचारी, आरोग्य खात्यातील भांडारपाल किंवा सहकारी संस्थेचा सचिव यांनाही हा विषय उपयुक्त आहे.

पहिली कसोटी : पदवीची वैधता

निवडीच्या वेळी पाहावयाची पहिली बाब म्हणजे पदवी देण्याचा अधिकार. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्रीय किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. अन्य संस्थांना पदविका अथवा प्रमाणपत्र देता येते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या स्वायत्त संस्था व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका देतात. अशा पदविकेला उद्योगक्षेत्रात मान असतो. पण ती पदवी नव्हे. शासकीय सेवेत, अध्यापनात किंवा पुढील संशोधनासाठी पदवीची अट असल्यास समकक्षतेचा प्रश्न उपस्थित होतो. उमेदवाराने हा फरक प्रवेशापूर्वीच समजून घेणे अगत्याचे आहे.

दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम लागू आहेत. मान्यताप्राप्त संस्थेची अशा पद्धतीने मिळविलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे एवढेच पुरेसे नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विशिष्ट सत्रात दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मान्यता आहे काय, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पडताळून पाहावे लागते. मध्यस्थ शिकवणी केंद्राच्या फलकावरील विद्यापीठाचे नाव हा पुरावा नव्हे. परदेशी विद्यापीठांच्या नावाने शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांनी चालविलेल्या आणि आयोगाची मान्यता नसलेल्या पदव्यांविषयी डिसेंबर २०२३ मध्ये, तर 'दहा दिवसांत एम.बी.ए.' अशा जाहिरातींविषयी २०२४ मध्ये आयोगाने जनतेस सावध केले आहे.

दुसरी कसोटी : वेळ आणि अंतर

कर्जतहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर, तर पुणे लोहमार्गाने सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे. मुंबई विद्यापीठाच्या व्यवस्थापन शिक्षणात नोकरदारांसाठी संध्याकाळी भरणाऱ्या तीन वर्षांच्या अंशकालीन पदव्युत्तर अभ्यासक्रमांची परंपरा आहे. अशा वर्गात प्रत्यक्ष अध्यापन, ग्रंथालय आणि अनुभवी सहाध्यायी यांचा लाभ होतो. परंतु कर्जत किंवा खोपोलीहून जाणाऱ्यास त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. आठवड्यातून तीन दिवस, जाण्यायेण्याचे चार तास आणि वर्षातील चाळीस आठवडे, असे धरल्यास केवळ प्रवासात ४८० तास जातात. आठ तासांचा दिवस मानल्यास हे वर्षाचे ६० कामाचे दिवस होतात. पाळीची नोकरी असणाऱ्यास रात्रपाळीच्या आठवड्यात वर्ग चुकतो, तो वेगळाच.

मुक्त आणि दूरशिक्षणाचा मार्ग येथे उपयोगी पडतो. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी देते व त्यात उत्पादन-कार्य व्यवस्थापनाची शाखा घेता येते. राज्यात १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ कार्यरत आहे. मात्र दूरशिक्षण म्हणजे कमी श्रमाचे शिक्षण, हा गैरसमज होय. या पद्धतीत एका क्रेडिटसाठी साधारणतः ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. समजा, पदवी ८० क्रेडिटची आहे. तर एकूण २,४०० तास झाले. तीन वर्षांत ती पुरी करावयाची असल्यास आठवड्यास सुमारे १५ तास आणि चार वर्षांत करावयाची असल्यास सुमारे साडेअकरा तास काढावे लागतात. भातलावणीचे दिवस, गणपती, घरातील आजारपण हे सर्व जमेस धरून उमेदवाराने आपला आठवडा कागदावर मांडून पाहावा. स्त्री उमेदवारांच्या बाबतीत घरकामाची वाटणी कुटुंबाने आधीच ठरविली, तर अर्धी अडचण दूर होते.

पवईच्या विहार तलावाजवळील राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्थेचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९६३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था २०२३ च्या कायद्यातील दुरुस्तीने भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली. उत्पादन-कार्य आणि पुरवठा-साखळी हे तिचे परंपरागत बलस्थान आहे. अशा नामांकित संस्थांची प्रवेश परीक्षा कठीण आणि शुल्क मोठे असते. म्हणून त्यांचे माहितीपत्रक आधी मागवून पात्रता, अनुभवाची अट आणि शेवटी मिळणारे प्रशस्तिपत्र पदवी आहे की प्रमाणपत्र, हे नीट वाचावे.

तिसरी कसोटी : अभ्यासक्रमाचा आशय

नाव एकच असले तरी आशयात मोठा फरक असतो. खरेदी, साठा नियंत्रण, मागणीचा अंदाज, गुदाम रचना, वाहतूक, सीमाशुल्क आणि आयात-निर्यात कार्यपद्धती, संख्याशास्त्र आणि संगणकीय प्रणाली हे विषय त्यात असावयास हवेत. सामान्य व्यवस्थापनाच्या पदवीला शेवटच्या सत्रात दोन विषय जोडून पुरवठा-साखळीचे नाव दिलेले असल्यास ते विषयपत्रिकेवरून लगेच कळते. ज्यात स्वतःच्या कामाच्या ठिकाणी प्रकल्प करण्याची सोय आहे, तो अभ्यासक्रम नोकरदारास विशेष इष्ट होय. आपल्याच गुदामातील एक अडचण घेऊन ती सोडविणाऱ्या उमेदवाराचे शिक्षण मालकास प्रत्यक्ष दिसते आणि बढतीच्या वेळी त्याला सांगण्यासारखे काही असते.

गणिताची तयारी हाही विचारात घेण्याचा मुद्दा आहे. कला शाखेच्या पदवीधरास हा विषय वर्ज्य नाही. परंतु टक्केवारी, सरासरी, आलेख आणि संगणकावरील तक्ते यांचा सराव त्याने प्रवेशापूर्वी सहा महिने करावा. 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रम शुल्काशिवाय पाहता येतात. एखादा अभ्यासक्रम तेथे पूर्ण करून पाहिल्यास विषय झेपतो की नाही, याची परीक्षा अल्प खर्चात होते.

चौथी कसोटी : खर्च आणि फलित

खर्च मोजताना केवळ शुल्क धरून चालत नाही. प्रवास, पुस्तके, संगणक, परीक्षेच्या दिवसांची बिनपगारी रजा आणि सोडावा लागणारा जादा कामाचा भत्ता हेही त्यात येतात. ही बेरीज एका बाजूस आणि बढतीने मिळू शकणारी वेतनवाढ दुसऱ्या बाजूस ठेवावी. वेतनवाढीचा आकडा जाहिरातीवरून घेऊ नये. आपल्याच आस्थापनेत वरच्या पदासाठी कोणती पात्रता मागितली जाते, हे लेखी विचारावे. पदवीपेक्षा अनुभवास महत्त्व देणाऱ्या ठिकाणी वर्षभराची पदविका पुरेशी ठरू शकते. भारतीय मटेरियल्स मॅनेजमेंट संस्थेसारख्या व्यावसायिक संस्थांच्या पदविका त्या दृष्टीने पाहाव्यात.

नुकत्याच पदवी घेतलेल्या, अनुभव नसलेल्या तरुणाने प्रथम वर्ष-दोन वर्षे गुदामात किंवा भांडारात काम करून मग अभ्यासक्रमास जावे, हे अधिक हिताचे. पाच-सात वर्षे भांडारपाल असलेल्यास मात्र उशीर करण्याचे कारण नाही. सरकारी कर्मचाऱ्याने प्रवेशापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि ही पदवी आपल्या सेवेत उपयोगी धरली जाईल काय, हे आस्थापना शाखेकडून समजून घ्यावे.

गावाने काय करावे?

या कामी शिक्षक आणि ग्रामपंचायती यांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. महाविद्यालयांतील वाणिज्य विभागांनी मान्य अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी पडताळून सूचनाफलकावर लावावी. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास अभ्यासाची शांत जागा आणि इंटरनेटची सोय असली, तर एका खोलीच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याची मोठी अडचण दूर होईल. नवीन गुदाम किंवा कारखाना गावात येतो, तेव्हा चर्चा बहुधा रस्ता, पाणी आणि मजुरांची भरती एवढ्यावरच थांबते. त्याच बैठकीत पर्यवेक्षक आणि नियोजनाच्या पदांसाठी कोणती पात्रता लागेल, शिकणाऱ्या कर्मचाऱ्यास परीक्षेची रजा मिळेल काय, हेही विचारून त्याची नोंद इतिवृत्तात करावी. दुसऱ्या वर्षी तो प्रश्न पुन्हा विचारण्यास ती नोंद आधार देईल.

द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक मालमोटारीमागे कोणीतरी केलेला हिशेब असतो. तो हिशेब कर्जत-खालापूरच्या मुलामुलींनी करावा, एवढी पात्रता त्यांच्यात निश्चित आहे. योग्य संस्था निवडली, आठवड्याचे तास प्रामाणिकपणे मोजले आणि घराची साथ मिळाली, तर तीन-चार वर्षांचे हे श्रम सत्कारणी लागतील.